भारंगीचे मूळ

भारंगी हे मुद्दाम आणून लावायचे फुलझाड आहे, असे कोकणात फारसे कोणी मानत नाही. ती बांधावर, दरडीच्या कडेला, रानाच्या तोंडाशी आपली आपण उगवते. पहिल्या पावसानंतर तिची कोवळी पाने खुडून भाजी होते. आणि कोणाला धाप लागली, खोकला हटेना, की तिचे मूळ खणून आणले जाते. भाजी आणि मूळ यांच्या मधल्या काळात ती दोन-अडीच महिने फुलते, त्याची दखल भुंगे आणि मधमाश्या यांच्याखेरीज कोणी घेत नाही. गेल्या काही वर्षांत आमच्या घराने ती घेतली. ज्या घरात एक दम्याचे रुग्ण आहेत, एक वयोवृद्ध आई आहेत आणि बागेसाठी दिवसाकाठी पंधरा मिनिटांहून अधिक वेळ काढणे कोणालाच शक्य नाही, अशा घरात हे कसे घडले ते सांगावे, म्हणून हा लेख.

आमचे घर चिपळूणात, वाशिष्ठीपासून फारसे दूर नाही. २२ जुलै २०२१ च्या पुरात घरात छातीइतके पाणी होते. पाणी ओसरल्यावर अंगणात जे उरले, तो गुडघाभर चिखल होता. त्याखाली माझी वीस वर्षांची बाग होती: कलमी गुलाब, शेवंती, विलायती गवताचा चौकोनी तुकडा, कुंड्यांतील हंगामी फुले. त्या बागेवर माझे प्रेम होते आणि तिच्यासाठी रोजचा दीड तास मी आनंदाने देत असे. खत, छाटणी, मावा-तुडतुड्यांवरची फवारणी, उन्हाळ्यात दोन वेळचे पाणी, हे सारे त्यात आले.

पुरानंतर तो दीड तास उरला नाही. भिंतींनी पाणी शोषले होते. दुसऱ्या पावसाळ्यात पोपडे निघाले, कपाटामागे बुरशी आली, आणि माझ्या यजमानांचा जुना, बराचसा आटोक्यात असलेला दमा पुन्हा डोके वर काढू लागला. ओल आणि बुरशी ही दम्याची ठळक कारणे आहेत, हे आम्हांला छातीच्या डॉक्टरांनी सांगितले. भिंती खरवडणे, सुकवणे, पुन्हा गिलावा करणे, अंथरुणे उन्हात टाकणे, सासूबाईंचे पथ्यपाणी आणि नोकरीची शेवटची दोन वर्षे यांत बाग कोठेच बसत नव्हती. पुढचे अंगण आम्ही फरशी घालून मोकळे केले. मागे मात्र जांभ्याची चढण आहे. तिथे पाणी पोचले नव्हते, आणि तिथे पूर्वी कधी काही लावलेलेही नव्हते.

त्या चढणीवर काय लावावे, हे सासूबाईंनी ठरवले. त्यांचे माहेर गुहागर तालुक्यातले. “अगो, तिथं काही लावलंस तर असं लाव, की विसरलीस तरी चालेल,” असे त्या म्हणाल्या. जून २०२२ मध्ये त्यांच्या भाच्याने आपल्या बांधावरच्या भारंगीच्या पेन्सिलीएवढ्या जाड फांद्या ओल्या पोत्यात गुंडाळून आणून दिल्या. मी त्यांचे वीतभर लांबीचे बारा तुकडे केले आणि पाऊस चांगला लागल्यावर चढणीवर हात-दीड हाताच्या अंतराने खोचले. सात जगले. अंतर खरे म्हणजे आणखी ठेवले तरी चालते, कारण झाड पुरुषभर उंच होते आणि बुंध्यातून नवे फुटवे काढत पसरते. पण पाच तुकडे आपणहून गेले आणि जागेचा प्रश्न सुटला.

झाडाची ओळख थोडक्यात सांगते. खोड बोथट चौकोनी, पाने लांबट, कडांना करवतीसारखे दात, बहुधा तीन-तीनच्या घेऱ्यात. जुन्या पुस्तकांत तिचे शास्त्रीय नाव क्लेरोडेन्ड्रम सेराटम असे आढळते. आता रोथेका सेराटा हे नाव रूढ आहे आणि तिला तुळशीच्या कुळात धरतात. ती बहुवर्षायू आहे, आणि या एका शब्दातच तिच्या सोपेपणाचे रहस्य आहे. पाऊस सरला की तिची वाढ थांबते, पाने गळू लागतात, फांद्या वाळतात. वैशाखात पाहणाऱ्याला झाड मेले असे वाटावे. पण जमिनीखाली तिचे जाड, लाकडासारखे मूळ जिवंत असते. वणव्यात वरचा सगळा भाग जळाला तरी मृगाच्या सरींनंतर त्या मुळातून हिरवे कोंब वर येतात. गुलाबाला उन्हाळ्यात माझी गरज असे. भारंगीला उन्हाळ्यात कोणाचीच गरज नसते. पहिल्या वर्षी मुळे धरण्यासाठी मी आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी दिले. त्यानंतर आजवर एक थेंब नाही, खत नाही, औषध नाही. पानांना कीड भोके पाडते, पण त्याने झाडाचे काही बिघडलेले मी पाहिले नाही. आणि पानाला एकही भोक नसावे असा हट्ट असेल, तर फुलपाखरांची अपेक्षा ठेवू नये. कारण फुलपाखरू आधी अळी असते.

फुलायला तिने एक वर्ष घेतले. २०२३ च्या जुलैत फांद्यांच्या टोकांवर तुरे आले. प्रत्येक फुलाला पाच पाकळ्या: चार फिकट निळसर, आणि खालची एक गडद निळी-जांभळी, कीटकाने उतरावे म्हणून पुढे केलेल्या पाटासारखी. चार लांब केसर कमानीसारखे वाकून बाहेर येतात. भुंगा खालच्या पाकळीवर उतरतो, तोंड आत घालतो आणि केसर त्याच्या पाठीला लागतात. फूल उमलते तेव्हा केसर पुढे असतात. नंतर ते मागे वळतात आणि त्यांच्या जागी स्त्रीकेसराचे टोक येते, म्हणजे एका फुलावरून पाठीवर घेतलेले पराग दुसऱ्या फुलाला पोचावेत. ही हालचाल पाहण्यासाठी भिंग लागत नाही. एकाच फुलाकडे सकाळी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहण्याचा निर्धार लागतो. मला वाटते, आजारपण असलेल्या घरात अशी एक तरी गोष्ट असावी, जिच्याकडे पाहताना औषधाची वेळ मनात येत नाही.

भुंगा म्हणजे लाकूड किंवा बांबू पोखरून राहणारी मोठी, काळी, जाडजूड माशी. तो कळपाने राहत नाही आणि त्याचे पोळे नसते. घोंघावत अंगावर येतो असे वाटते, पण नराला नांगी नसते आणि मादी हातात पकडल्याखेरीज सहसा डंख करीत नाही. भारंगीवर त्यांची येजा सर्वांत जास्त. त्यांच्याबरोबर सातेरी मधमाश्या, पोटावर निळसर पट्टे असलेल्या चपळ एकांड्या माश्या, आणि उघडीप असली की फुलपाखरे. पावसाळ्याच्या ऐन भरात, जेव्हा बाकीची फुले भिजून मिटलेली असतात, तेव्हा भारंगी उघडी असते, ही तिची मोठी सेवा होय.

या पाहुण्यांचा आपल्या ताटाशी संबंध काय, असा प्रश्न माझ्या एका सहशिक्षिकेने विचारला होता. तो रास्त आहे. जगातील प्रमुख अन्नपिकांच्या प्रकारांपैकी पंचाहत्तर टक्क्यांहून अधिक पिके थोड्याफार प्रमाणात तरी कीटक, पक्षी आणि इतर प्राण्यांकडून होणाऱ्या परागीभवनावर अवलंबून आहेत, असे जैवविविधतेवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंचाने २०१६ मध्ये सांगितले. भात आणि गहू यांना वारा आणि स्वपरागण पुरते, म्हणून पोट भरेल. पण भोपळा, काकडी, कारले, आंबा यांचे तसे नाही. जागतिक आरोग्य संघटना माणशी रोज किमान चारशे ग्रॅम फळे-भाज्या खाव्यात असे सुचवते. त्या चारशे ग्रॅमांतील बराच मोठा वाटा माशीच्या पाठीवरून आलेला असतो.

वांग्याची गोष्ट अधिकच गमतीची आहे. वांगे आणि टोमॅटो यांच्या फुलांत पराग बंद नळीत असतात आणि नळीच्या टोकाला फक्त बारीक छिद्र असते. ते पराग बाहेर पडण्यासाठी फुलाला विशिष्ट कंपने द्यावी लागतात. भुंगा फूल घट्ट धरतो, पंख न हलवता छातीचे स्नायू थरथरवतो आणि पराग मिठासारखे सांडतात. सातेरीला ही कला येत नाही. भुंग्याला आणि पट्टेवाल्या एकांड्या माशीला येते. आमच्या मागील दारी वांग्याची चार झाडे आहेत, काकडीचा एक मांडव आहे. पूर्वी भोपळ्याचे नर फूल तोडून मी स्वतः मादी फुलाला टेकवीत असे, नाहीतर बोटाएवढे फळ पिवळे पडून गळून जाई. काकड्या एका टोकाला फुगीर आणि दुसऱ्या टोकाला चिमटलेल्या येत. फुलात पराग अपुरे पडल्याची ती खूण. आता मी हे काम करीत नाही. काकड्या सरळ येतात. याचे सारे श्रेय सात झाडांना देणे मला पटत नाही, कारण त्याच सुमारास आम्ही फवारणीही बंद केली होती. पण मांडवाकडे येणारी माशी आधी चढणीवर थांबून येते, हे रोज दिसते.

फवारणीविषयी थोडे सांगायलाच हवे. आपल्याकडे दुकानात सहज मिळणारे इमिडाक्लोप्रिड हे औषध झाड आपल्या रसात शोषून घेते. मग ते परागांत आणि मधातही उतरते. मधमाश्यांना असलेल्या धोक्यामुळे युरोपीय संघाने २०१८ मध्ये या औषधाच्या आणि त्याच्या दोन भावंडांच्या उघड्या शेतातील वापरावर बंदी आणली. घरात दम्याचा रुग्ण असताना कोणतेही फवारे उडवणे तसेही शहाणपणाचे नाही. माशीच्या आणि माणसाच्या श्वासासाठी एकच नियम पुरला, हे आमच्या सोयीचे झाले.

आता ज्या भीतीने अनेक घरे बाग टाळतात तिच्याकडे वळते. दमा आहे, मग फुले कशी चालतील? हा प्रश्न आमच्या नातेवाइकांनीही विचारला आणि आम्ही तो डॉक्टरांपुढे ठेवला. श्वासाला त्रास देणारे पराग प्रामुख्याने वाऱ्यावर उडणारे असतात: हलके, कोरडे, अतोनात संख्येने तयार होणारे. गवतांचे पराग असे असतात. गाजरगवत तर त्वचेला आणि नाकाला दोन्हींना छळते. १९५०च्या दशकात पुण्याजवळ प्रथम दिसलेले हे परदेशी तण आज प्रत्येक रिकाम्या जागेत आहे. कीटकांवर विसंबणाऱ्या फुलांचे पराग मात्र जड आणि चिकट असतात; ते माशीला चिकटण्यासाठी घडलेले असतात, वाऱ्यावर स्वार होण्यासाठी नव्हे. चढणीवर भारंगी दाटल्यापासून तिथे गाजरगवताला जागा उरली नाही, हा माझ्या दृष्टीने फुलांपेक्षाही मोठा लाभ. अर्थात प्रत्येक रुग्ण वेगळा. उग्र वासाने यजमानांची छाती भरते, म्हणून रातराणी आम्ही लावली नाही. आणि डंखाच्या बाबतीत निष्काळजीपणा नको: ज्यांना पूर्वी डंखानंतर अंगभर गांधी, ओठांवर सूज किंवा धाप असा त्रास झाला असेल, त्यांना दुसरा डंख जिवावर बेतू शकतो. दमा आटोक्यात नसेल तर तो धोका वाढतो. आमची बसायची जागा झाडांपासून आठ-दहा फुटांवर आहे, आणि नातवंडे आली की आधी त्यांना तो नियम सांगितला जातो.

इतके सारे सुरळीत चालले असताना ऑगस्ट २०२३ मधली ती रात्र आली. चार दिवस पाऊस थांबला नव्हता. यजमानांकडे श्वासाचा जोर मोजण्याची साधी नळी असते. जोरात फुंकर मारली की काटा सरकतो. त्यांचा सर्वोत्तम आकडा ३८०. त्याच्या ऐंशी टक्क्यांच्या वर असेपर्यंत निर्धास्त राहावे, खाली गेला तर सावध व्हावे आणि निम्म्याच्या खाली गेला तर थांबू नये, हे कोष्टक आमच्या स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवलेले आहे. त्या रात्री दीड वाजता आकडा १७० होता. पंपाचे झटके दिले, शेजाऱ्यांची गाडी काढली, रुग्णालय गाठले. तिसऱ्या दिवशी ते घरी आले.

ते घरी आले त्या संध्याकाळी सासूबाईंनी मला मागील पडवीत बोलावले. चढणीवर भारंगी फुललेली होती.

“अगो, मागं सात झाडं उभी आहेत आणि माझा मुलगा नळ्या लावून पडतो! दोन झाडं उपट. मूळ उगाळून मधातून दे. माझ्या सासऱ्यांना ह्याच मुळानं उतार पडायचा.”

“आई, त्यांचा पंप बंद करायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय.”

“पंप बंद कर असं कोण म्हणतंय? मूळ दे म्हणत्ये मी.”

त्यांचे म्हणणे पोकळ नव्हते. आयुर्वेदात श्वास आणि कास यांवर भारंगमूळ सांगितलेले आहे, आणि त्यांच्या सासऱ्यांच्या काळात त्या खेड्यात दुसरे काही उपलब्धही नव्हते. आपल्या मुलाची धाप ऐकत अंथरुणात जागे राहिलेल्या एका चौऱ्याऐंशी वर्षांच्या आईला शास्त्र शिकवण्याचा अधिकार मला आहे, असे मला वाटले नाही. मी त्यांचा प्रश्न जसाच्या तसा आमच्या ओळखीच्या वैद्यांकडे नेला आणि छातीच्या डॉक्टरांकडेही नेला. वैद्य म्हणाले, औषध खरे आहे. पण ते कोणत्या रूपात, किती मात्रेत, कोणत्या अवस्थेत द्यायचे हे रुग्ण पाहून ठरते. तीव्र झटक्यात घरी मूळ उगाळत बसणे हा उपचार नव्हे. बाजारातही भारंगमूळ या नावाखाली निरनिराळ्या झाडांची मुळे विकली जातात, त्यामुळे ऐकीव माहितीवर काहीही घेऊ नये. डॉक्टरांनी सांगितले, जे काही घ्याल ते मला कळू द्या. पण रोजचा प्रतिबंधक पंप एक दिवसही सोडू नका. त्याची सवय लागते ही समजूत चुकीची आहे. त्यातले औषध अगदी थोडे असते आणि ते थेट श्वासनलिकांत जाते.

निर्णय शेवटी यजमानांचा होता. ते आईपाशी जाऊन बसले आणि म्हणाले, “आई, पंप संपला तर दुकानात दुसरा मिळतो. ह्या झाडाचं मूळ काढलं, की झाड गेलं. मला बरं वाटायला मी रोज सकाळी ज्याच्याकडे बघतो, तेच उपटू नकोस.”

सासूबाई काही बोलल्या नाहीत. पुढचे चार दिवस माझ्याशी त्या कामापुरतेच बोलल्या. पाचव्या दिवशी शेंगा निवडता निवडता आपणहून सांगू लागल्या. त्या लहान असताना त्यांची आजी भारंगीचे मूळ काढायची ते बाजूचे एखादेच. मधल्या गड्ड्याला हात लावायची नाही, आणि खड्डा परत मातीने बुजवायची. पुढे लग्न होऊन त्या गेल्या, आणि एकदा माहेरी आल्या तेव्हा रानात बाहेरची माणसे पोती घेऊन फिरत होती. आख्खी झाडे उपटलेली. “मग बांधावरची तेवढी राहिली,” त्या म्हणाल्या, “आणि तीही आमच्यातच, भाजीसाठी जपली म्हणून.”

बहुवर्षायू झाडाची ही अडचण आहे. ज्या मुळाच्या बळावर ते वणवा आणि उन्हाळा सोसते, तेच औषधाच्या बाजारात विकले जाते. पान खुडले तर झाड फुटते, फूल तोडले तर पुढच्या वर्षी पुन्हा येते. मूळ काढले तर मात्र काही शिल्लक राहत नाही. म्हणून ज्यांना हे झाड लावायचे असेल त्यांनी रानातून उपटून आणू नये. ओळखीच्या बांधावरून पावसाळ्यात फांदी मागावी, किंवा रोपवाटिकेत विचारावे.

भाजीबाबत आमच्या घरी सासूबाईंचा कायदा चालतो: जूनची पाने आपली, जुलैपासूनचे सारे भुंग्यांचे. जूनमध्ये शेंडे खुडल्याने झाड उलट अधिक फांद्या काढते आणि तुरे वाढतात, त्यामुळे हा कायदा दोन्ही पक्षांना मानवतो. कोवळी पाने बारीक चिरून, उकडून, घट्ट पिळून घ्यायची, म्हणजे कडवटपणा उतरतो. मग कांदा-लसणीच्या फोडणीत मोड आलेले वाल शिजवून त्यात ही पाने, वर ओले खोबरे. फुलांचीही भाजी करतात. आम्ही करीत नाही.

वर्षाची बाकी कामे दोनच. आश्विन-कार्तिकात फळे हिरवी होती ती काळसर जांभळी होतात, बुलबुल ती खातात; तेव्हा झाडाला हात लावायचा नाही. वाळलेल्या काड्या उन्हाळाभर तशाच उभ्या ठेवायच्या, कारण भेंडासारख्या मऊ गाभ्याच्या काड्यांत छोट्या एकांड्या माश्या घर करतात. मे महिन्याच्या शेवटी त्या वीतभर ठेवून छाटायच्या आणि कापलेल्या काड्या जाळायच्या नाहीत, कडेला रचून ठेवायच्या. झाडे वेडीवाकडी दिसतात, हे खरे. पाहुण्यांनी “मागे साफसफाई राहिली वाटतं” असे म्हटले की मला आता वाईट वाटत नाही.

पावसाळा संपल्यावर माशांना उपास पडू नये म्हणून कडेला पिवळी कोरांटी लावली आहे. तीही आपल्याच मातीतली, काटेरी आणि बेफिकीर. दिवाळीनंतर ती फुलते. थंडी सरताना धायटी लाल होते आणि मग शेवगा येतो. एका पसरट थाळीत गोटे टाकून पाणी ठेवतो, म्हणजे माशी बुडत नाही. डासांची पैदास होऊ नये म्हणून ते पाणी एक दिवसाआड पालटतो. हे काम नातवाचे, तो नसेल तेव्हा यजमानांचे.

यजमान रोज सकाळी सात वाजता पडवीत बसून नळीत तीनदा फुंकर मारतात आणि सर्वांत मोठा आकडा वहीत लिहितात. फुलांच्या दिवसांत त्याच पानावर दुसरा रकाना असतो: दहा मिनिटांत भारंगीवर किती भुंगे आले. गेल्या श्रावणातल्या एका पानावर ३५० आणि १४ असे दिसते. दुसऱ्या पानावर २९० आणि २१. दोन्ही रकान्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, हे ते जाणतात. पण दुसरा रकाना भरायचा म्हणून पहिला कधी चुकत नाही, आणि पहिला चुकला नाही म्हणून २०२३ नंतर रात्री गाडी काढण्याची पाळी आमच्यावर आलेली नाही. आकडा घसरू लागला की दोन दिवस आधीच कळते. भिंतीही आता कोरड्या आहेत.

सासूबाई सत्त्याऐंशीच्या घरात आहेत. चढणीवर जाणे त्यांना जमत नाही. पडवीतून त्या सगळ्यावर नजर ठेवतात. गल्लीतल्या तिघी-चौघींनी रोपे मागितली आहेत, आणि कोणाला काय द्यायचे ते त्या ठरवतात. साधारणपणे कलम देतात. ज्यांच्या घरी दम्याचा रोगी आहे त्यांना मात्र कलम देत नाहीत, पिकलेल्या फळातले बी देतात. मी कारण विचारले, तर म्हणाल्या, “कलम दिलं तर दुसऱ्याच वर्षी मूळ खणतील. बी उगवेपर्यंत जरा दम निघेल, आणि फुलं आली की उपटवणार नाही.”